न उघडण्यासाठी घेतलेलं कुलूप

मी एक कुलूप. तोंड मिटून बसणं हाच आमचा धंदा, त्यामुळे मी बोललो तर तुम्हाला नवल वाटेल. पण ज्या दिवशी मला उघडलं, त्या दिवसाच्या आता आमच्या ला पालमिता गावात चार तऱ्हेच्या गोष्टी सांगतात, आणि सांगणाऱ्यांतले निम्मे त्या दिवशी पार मागं उभे होते. मी पुढं होतो. दारावरच होतो.

मी पितळेचा, मुठीएवढा. माझी भावंडं कुणी सायकलीवर गेली, कुणी दुकानाच्या शटरवर. मला पोर्तो रिको बेटावरच्या एका गावठी हार्डवेअरच्या दुकानातून ब्रुनिल्दाबाईनं विकत घेतलं; बाईला आमच्याकडे मानानं दोन्या म्हणतात, म्हणून ती दोन्या ब्रुनिल्दा. दुकानदारानं विचारलं, "कशाला लावायचंय?" ती म्हणाली, "न उघडण्यासाठी." तो हसला. तिच्या तोंडाकडे बघून मात्र मुकाट्यानं किल्ल्या मोजून द्यायला लागला. तिनं एकच ठेवली आणि दुसरी तिथंच हातोड्यानं वाकडी करायला लावली.

ती मला सरळ विहिरीवर घेऊन गेली. विहिरीला सिमेंटचं झाकण, झाकणात लोखंडी दार, दाराला मी. त्या दिवसापासून हेच माझं घर.

ब्रुनिल्दा दर रविवारी प्रार्थना आटोपून यायची आणि शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब माझ्या तोंडात सोडायची. जे उघडायचंच नाही त्याला तेल कशाला, म्हणून लोक तिला चिडवायचे. ती म्हणायची, "गंजलं तर कुणीतरी फोडेल. फोडलेलं परत लावता येत नाही." तेल घालता घालता ती माझ्याशीच बोलायची, म्हणून मला सगळं ठाऊक आहे. विहिरीच्या वरच्या अंगाला पूर्वी एक कारखाना होता. तिथं ती अकरा वर्षं यंत्राचे बारीक भाग एका रसायनाच्या पाण्यात बुडवून त्यांचं वंगण काढायची. त्या पाण्याला गोडसर वास यायचा. मालक एक दिवस कारखाना बंद करून निघून गेले आणि त्या पाण्याची पिंपं मागच्या मागं जमिनीत पुरून गेले. पिंपं झिरपली. विहिरीच्या पाण्याच्या तपासणीचा कागद आला, तेव्हा कुठं ते विषारी झाल्याचं गावाला कळलं.

ब्रुनिल्दाची दोन बाळं पोटातच गेली. "डॉक्टर म्हणतात, सिद्ध करता येत नाही," ती सांगायची. "मीही शपथ घेत नाही. पण हे पाणी मी दुसऱ्या बाईला पिऊ देणार नाही." मग किल्ली परत गळ्यातल्या देवाच्या पदकाशेजारी जायची.

आमच्या गावाला सरकारी नळ कधीच नव्हता. डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी गावकऱ्यांनीच पाइप टाकून खाली आणलं. टाकी घासायची आणि तिच्यात क्लोरीन टाकायचं काम आठवड्याला एका घराकडे. आणि एक रीत, ती कुणी मोडत नाही. नवं पाणी सुरू झालं की पहिली वाटी पाणी-मंडळाच्या प्रमुखानं सगळ्यांसमोर प्यायची, दुसरी त्याच्या घरच्या माणसानं. मगच गावानं बादल्या भरायच्या.

मग ते वादळ आलं. डोंगराची एक अख्खी कूस घसरली आणि पाइप त्याच्याखाली गाडला गेला. एकही छप्पर धड राहिलं नाही. माझ्या शेजारी कुठल्याशा कचेरीनं लावलेली धोक्याची पाटी होती, तीही उडाली. ती इंग्रजीत होती. निम्म्या गावाला ती कधी वाचताच आली नव्हती, त्यामुळे ती गेल्याचं कुणाला चुकल्यासारखंही वाटलं नाही.

बावीस दिवस गावाला पाणी नव्हतं. खालच्या रस्त्यानं पाण्याचे टँकर जायचे, पण ते समुद्राकाठच्या हॉटेलाकडे. आमच्या वळणावर ते वेगसुद्धा कमी करत नसत. लोक रस्त्याकडेच्या ओहोळातून गढूळ पाणी आणत, मुलांना जुलाब लागले. रेडिओ दिवसभर एकच सांगायचा, पाणी उकळून प्या. तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात. इथं विहीर तयारच होती, आणि मध्ये मी होतो. येणारा-जाणारा माझ्याकडे असा बघायचा, जणू त्याच्या घशालाच मी लटकलोय. मला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली.

तेविसाव्या दिवशी घरं परत उभी करणाऱ्या कंपनीचा मुकादम आला. चाळीस घरांना भिंती आणि छप्पर घालायचं काम त्याच्याकडे होतं. त्यानं आल्या आल्या मला बोटानं हलवून पाहिलं. "विहीर उघडा," तो म्हणाला, "मी पंप बसवतो. आमच्या सिमेंटला पाणी, तुम्हालाही पाणी. नाहीतर मी पुढच्या गावात काम सुरू करतो."

गाव तिथंच, विहिरीभोवती जमलं. मंडळाचा प्रमुख त्या वर्षी एर्मिनिओ होता. माणूस वाईट नाही हो. छप्पर त्याचंही गेलं होतं, आणि त्याची मुलगी यारित्सा सातव्या महिन्याची गरोदर, ताडपत्रीखाली झोपत होती.

"दोन्या ब्रुनिल्दा, तुमचं म्हणणं मान्य," तो म्हणाला. "पण उकळून प्यायचं ना. क्लोरीन डबल टाकू."

"अरे, क्लोरीननं किडे मरतात. हे जिवंतच नाही, मरणार काय?"

"उकळलं की जातं."

"जातं ना. वाफेबरोबर वर येतं आणि नाकात जातं. ताडपत्रीच्या खोपटात, दार बंद करून, तुझी पोरगी पातेल्यावर वाकलेली असणार. अकरा वर्षं मी ती वाफ खाल्लीय, एर्मिनिओ. मला शिकवू नकोस."

मागून कुणीतरी म्हणालं, "तुम्हाला काय, तुमच्या घरात लेकरं नाहीत."

ब्रुनिल्दानं मागं वळून पाहिलंसुद्धा नाही. "म्हणूनच बोलतेय," एवढंच ती म्हणाली.

एर्मिनिओनं हात वर करायला सांगितले. उघडा म्हणणारे एकतीस निघाले, नको म्हणणारे नऊ. ब्रुनिल्दानं गळ्यातून किल्ली काढली. मला वाटलं, आता ही किल्ली ओहोळात भिरकावेल. मी मनातल्या मनात तिला तेच सांगत होतो. पण पाणी-मंडळाचे नियम तिनंच लिहिलेले होते. "किल्ली गावाची आहे," ती म्हणाली आणि एर्मिनिओच्या हातावर ठेवली. "रीतही गावाचीच आहे. ती पाळ."

किल्ली माझ्यात शिरली. इतकी वर्षं तिनं तेल घातलं होतं, म्हणून मी एका झटक्यात उघडलो. त्या तेलाचा मला त्या क्षणी राग आला.

बादली खाली गेली, वर आली. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. बावीस दिवस गढूळ पाणी पिणाऱ्यांनी ते पाहिलं आणि रांग आपोआप पुढं सरकली. एर्मिनिओनं हिग्वेराच्या फळाचं कवच कोरून केलेली ती जुनी वाटी भरली आणि सगळ्यांसमोर पिऊन टाकली. अर्धी हट्टानं, अर्धी तहानेनं. ओठ पुसून म्हणाला, "बघा, काही होत नाही." आणि खरंच काही झालं नाही. एका वाटीनं माणूस मरत नाही, हेच तर या पाण्याचं कपट आहे.

मग त्यानं दुसरी वाटी भरली. यारित्सा पुढं आली. एक हात पोटाखाली, दुसरा पुढं केलेला.

"द्या, बाबा."

तो वाटी धरून उभा राहिला.

"द्या ना. रीत आहे. तुमच्यानंतर आपलं घर." तिचे ओठ फुटले होते. ती आढेवेढे घेत नव्हती, बापाची परीक्षाही घेत नव्हती. तिला तहान लागली होती, इतकंच.

"तू थांब," तो म्हणाला. "मीच दुसरी पितो."

"तुमच्यासाठी चांगलं आहे, तर माझ्यासाठी का नाही?"

एर्मिनिओनं वाटी नाकाशी नेली. काय हुंगलं त्याचं त्याला माहीत. वाटी तिरकी झाली होती आणि पाणी त्याच्या चपलांवर सांडत होतं. मी उघड्या तोंडानं त्या दाराला लोंबकळत होतो आणि मला काहीच करता येत नव्हतं. कुणी मला त्या घटकेला मिटवलं असतं, तर त्याच्यावरून मी माझं सगळं पितळ ओवाळून टाकलं असतं.

शेवटी त्यानं वाटी जमिनीवर ओतली, आणि बादलीही लाथेनं लवंडली.

"एकतीस हातांत माझा एक होता," तो म्हणाला. "तो मी खाली घेतो. बाकीच्यांनी आपापल्या घरातलं सगळ्यात लहान माणूस डोळ्यांसमोर आणा आणि मग हात वर ठेवा." मग मुकादमाकडे वळला. "टँकरला हॉटेलाचा रस्ता सापडतो ना? आमचं वळण त्याच रस्त्यावर आहे. आधी चांगलं पाणी, मग तुमचं सिमेंट. तसं कागदावर लिहा."

"मी चाललो पुढच्या गावात," मुकादम म्हणाला, आणि खरंच गेला. हात वर ठेवायला कुणी धजलं नाही; एर्मिनिओनं मला मिटवलं आणि किल्ली ब्रुनिल्दाला परत दिली.

ते पाच दिवस मी विसरणार नाही. कुणी एर्मिनिओशी बोलेना. दोघंजण दुपारी कटावणी घेऊन आले होते, माझ्या कडीवर अजून ओरखडा आहे. यारित्सा स्टूल घेऊन माझ्यासमोर बसून होती, म्हणून ते परत गेले. बाकीचे वर डोंगरात फावडी घेऊन पाइप उकरत होते. आणि ब्रुनिल्दा काठी टेकत पुढच्या गावात चालत गेली, त्यांची विहीरही त्याच नासलेल्या जमिनीतली आहे, हे त्यांना सांगायला. मुकादमाला तिथंही कुलूपच दिसलं. मग तो कागदावर लिहून द्यायला परत आला, आणि सहाव्या दिवशी टँकर आमच्या वळणावर थांबला.

घरं उभी राहिली. झऱ्याचं पाणी आलं, पहिली वाटी एर्मिनिओनं प्यायली, दुसरी यारित्सानं, आणि या वेळी वाटीतला एक थेंबही सांडला नाही. ब्रुनिल्दा गेल्या वर्षी गेली. किल्ली आता यारित्साच्या गळ्यात आहे. तेल रविवारी तीच घालते.

पिंपं मात्र अजून जमिनीतच आहेत. कागद जातात, माणसं येऊन मोजमापं घेतात, परत जातात. लोकांना वाटतं कुलपाला बंद राहायला आवडतं. नाही हो. मलाही एकदा नीट उघडायचं आहे, खालचं पाणी खरंच स्वच्छ झाल्यावर. ज्यांनी ते नासवलं त्यांच्याकडून ते साफ करून घ्या, मी वाट बघतोय. तोवर पुढचं वादळ आलं, घसा कोरडा पडला आणि कुणी घाईघाईनं घरं बांधून द्यायला आलं, तरी माझ्याकडे बघून रागावा, शिव्या द्या, पण मला हात लावू नका.

यारित्साची मुलगी आता चालायला लागली आहे. आईबरोबर येते आणि दोन्ही हातांनी मला धरून जोरात खडखडवते. खडखडव, बाई. रोज येऊन बघत जा. मी घट्ट आहे.