पंधराशेचा आवाज

फिनलंडच्या जंगलात औलिस एकतीस वर्षं ओंडक्यांचा ट्रक कानाने चालवत होता. आवाज ऐकून गिअर टाकायचा. मालक रायमोने इंजिनाचे फेरे मोजणारा मीटर आणला. मी, त्याचा मेकॅनिक, तो इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरला जोडला आणि रायमोच्या सांगण्यावरून स्क्रू फिरवून काटा दोनशेने पुढे ठेवला.

रायमोने इंजिन चालू केलं. “औलिसकाका, डोळे मिटा. मिनिटाला किती फेरे? चुकलात तर ट्रक माझ्या जावयाचा.”

“पंधराशे. झोपेतही सांगेन, मालक.”

“बघा. सतराशे!”

औलिस काट्याकडे बघत राहिला. “यंत्र कशाला खोटं बोलेल?” म्हणत त्याने किल्ली ठेवली आणि कान चोळत निघून गेला.

केबिनचं दार लागताच रायमो मला म्हणाला, “आता काटा नीट लाव. नाहीतर जावईबापू इंजिनाची वाट लावतील.”