जोडीचा अनुग्रह

कापडे गावचा सयाजी देवाला मानायचा, पण देवाकडे नेणाऱ्या माणसाला तपासून घेतल्याशिवाय मानायचा नाही. तरुणपणापासून त्याला एकच ध्यास होता. आपल्या कानात कुणीतरी खरा मंत्र सांगावा, फक्त आपल्यासाठी असलेला. त्यापायी त्याने इतके गुरू केले आणि सोडले, की ‘सयाजीचा गुरू आणि कशेडीचा रस्ता, पावसाळा काढील तर खरा’ असं गावात म्हणत. एक महाराज चोरून तंबाखू मळताना दिसला. दुसऱ्याने सगळ्यांना एकच मंत्र वाटल्याचं सयाजीने दोन भक्तांना चहा पाजून काढून घेतलं. तिसऱ्यात काहीच खोट सापडेना, म्हणून त्याचा संशय जास्तच आला.

त्याची बायको मैना मात्र एकाच दाराला धरून होती. सव गावात, गरम पाण्याच्या कुंडांच्या अलीकडे, आप्पा म्हणून एक म्हातारे राहत. उभा जन्म एसटी चालवली, आणि निवृत्त झाल्यावर ओसरीवर बसून लोकांना नाम सांगायला लागले. मैना दर गुरुवारी टमटम बदलत तिथे जायची. पण आप्पांकडे अनुग्रह व्हायचा तो जोडीने. नवराबायकोने शेजारी पाटांवर बसायचं, आप्पा दोघांच्या कानात निरनिराळा मंत्र सांगणार, आणि तो एकमेकांनाही कळू द्यायचा नाही. सयाजी बसत नव्हता, म्हणून मैनेलाही मंत्र नव्हता.

“अवो, या वर्साला तरी बसू या,” ती म्हणायची.

“बगतो. मानूस अजून कळला नाय मला.”

असं बघता बघता मैनेचे केस पिकले.

मग एका वर्षी तिचं विनवणं एकदम थांबलं. भांडण नाही, रुसवा नाही. उलट तोंडावर असं समाधान, की जणू लेकीचं लग्न पार पडलंय. सयाजीच्या मनात पाल चुकचुकली. आपली बायको सुखात आहे आणि का ते आपल्याला ठाऊक नाही, यासारखा जाच नाही. तो तिच्यावर डोळा ठेवून राहिला. म्हाताऱ्याने काही उकळलं असेल म्हणून बांगड्या बघितल्या, जागच्या जागी होत्या. भाताची पोती बघितली, तीही हललेली नव्हती. सवला कोण कोण येतं ते आडून आडून विचारलं, तर मैना हसली आणि भाकरी थापत राहिली.

यंदा आषाढात आप्पा वारले. मैना दोन दिवस जेवली नाही, मग पुन्हा कामाला लागली, पहिल्यासारखीच शांत.

“आता दुसरा बग,” सयाजी म्हणाला. “पोलादपुरात एक स्वामी आलाय. मी जातो त्याच्याकडं.”

“तुमी जा. माजं झालंय.”

काय झालंय? गुरू मातीत गेला आणि ही म्हणते झालंय. पाणी कुठेतरी मुरत होतं, यात सयाजीला आता शंका उरली नाही.

एका सकाळी ती बेणणीला, भातातलं तण काढायला, शेतावर गेली तेव्हा त्याने घर धुंडाळलं. ट्रंक झाली, देव्हारा झाला, शेवटी त्याने तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. तळाशी लाल फडकं लागलं. फडक्यात एक सुपारी, हळदकुंकवाने माखलेली, हात लागून लागून गुळगुळीत झालेली. ही करणी होती, दुसरं काय असणार? म्हातारा मरता मरता बायकोच्या हातून आपल्याला बांधून गेला.

त्याने तडक पोलादपूर गाठलं. हायवेलगत टायरच्या दुकानावर स्वामींची खोली होती. स्वामींनी सुपारीला बोटसुद्धा लावलं नाही.

“घरात कुणी ठेवली?”

“बायकोनं.”

“मग विचारतोस काय? वाहत्या पाण्यात सोड आणि मागे वळून बघू नकोस.”

जन्मात पहिल्यांदा सयाजीने एका गुरूचा शब्द न तपासता मानला. पुलाखालून सावित्री तांबडी होऊन धावत होती. त्याने फडक्यासकट सुपारी भिरकावली आणि मागे वळून न बघता घरी आला. त्याला फार हलकं वाटलं.

गुरुवारी मैनेने न्हाऊन डब्यात हात घातला. मग दुसरा हात घातला. मग सगळे तांदूळ जमिनीवर ओतून ती चाळू लागली. सयाजी दारात उभा होता.

“तुमी घेतलीत?”

“नदीत टाकली. नवऱ्यावर करणी करतेस व्हय गो?”

मैना तांदळातच खाली बसली.

“आप्पांनीच सांगितलं,” ती म्हणाली. “बायको नसंल तर पुरुष कमरंला सुपारी लावून पूजेला बसतो. मग नवरा येत नाय म्हनून बाईनं का अडून ऱ्हावं? त्यांनी शेजारच्या पाटावर तुमच्या जागी सुपारी मांडली.”

“मला का नाय सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तुमी आप्पांची झडती घेतली असती. म्हटलं, मन वळंल तवा हातावर ठेवीन.”

सयाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस ती सुखात होती, कारण तिच्या लेखी तो तिच्या शेजारी बसलेला होता. आणि तो तिच्या बांगड्या मोजत होता.

“दुसरी आनतो,” तो पुटपुटला. “आत्ता जातो बाजारात.”

“सुपारी मिळंल वो.” ती तांदूळ सुपात भरू लागली. “पन आप्पांनी माजा मंत्र माज्या कानात सांगितला. मग वाकले, आन् तुमचा त्या सुपारीला सांगितला.”

सयाजी तिच्यासमोर हळूच उकिडवा बसला.

“काय सांगितला?”

“मला काय ठाव,” मैना म्हणाली. “तो तुमचा व्हता.”