तीन दिवसांचा नीलम

लोकाच्या बायका दुपारी पापड लाटतात, मी दगड घासते. कन्हानच्या पात्रात हिंडलं की रंगीत गारा, म्हणजे गारगोट्या, सापडतात. काही दुधट, काही पिकल्या बोरासारख्या तांबूस, काहीत नुसत्या रेघाच रेघा. कामठीले मायी बहीण राहते, तिच्याकडे गेली की मी पदर भरून आणते. मंग मागच्या ओसरीवर पाट्यावर ओली वाळू टाकून घासत बसायचं. बोटाची सालं निघतात, निघू देत. शेवटी चामड्यावर कुरुंदाची पूड घेऊन असं चोळायचं की दगडात आपलं तोंड दिसलं पाहिजे. चांदीची तार सराफा ओळीतून आणते. टाकणखार लावून, फुंकणीनं डाग देऊन तार जोडायचंबी मी पाहून पाहून शिकली. कानातले, अंगठ्या, गळ्यातल्या माळा, सुचन ते करते. विकत नाही, आवडलं कोणाले त देऊन टाकते. नत्थूजी, म्हणजे आमचे मालक, इतवारीत भांड्याचं दुकान चालवतात. त्यायचं म्हणणं, एवढ्या घासण्यात दुकानातली सारी पितळ लखलखली असती. मी म्हणते, मंग तुम्ही घासा.

शेजारच्या रुपरावांची गोपिका माया जोडीले बसे. पोरीले माय नाही, ती सात वर्षांची असतानाच वारली. रुपराव सरकारी कचेरीत कारकून. मोठा गरीब माणूस, पण पंचांग पाह्यल्याशिवाय दाढी करत नाही, अन् सवड भेटली की ग्रहांच्या, रत्नांच्या पोथ्या चाळत बसे. घरात बापलेक दोघंच. पोरगी मॅट्रिक पास झाली तवा त्यायनं साऱ्या गल्लीत स्वतः फिरून पेढे वाटले होते.

मी सांगून राहिली ती गोष्ट छत्तीस सालची. गोपिकेले जबलपूरहून कागद आला. तिथं मास्तरणीच्या शिक्षणाले तिले जागा भेटली होती. दोन वर्षं शिकायचं, राहणं तिथंच. पंधरा दिवसांत होय की नाही ते कळवायचं होतं. रुपराव होयबी म्हणेनात अन् नाहीबी म्हणेनात. तिकडे गावाहून त्यायचे मोठे भाऊ बाबाराव यांचं पत्र आलं, की बिनालग्नाची पोर परमुलखात पाठवशील त लोक तोंडात शेण घालतील. पोरगी रोज माया ओसरीवर येऊन मुकाट्यानं दगड घासे. एकदा तिनं चांगली गार घासता घासता पार चपटी करून टाकली, तरी तिचं ध्यान नव्हतं. माया जीव तुटे तिच्यासाठी.

आता ज्या अंगठीनं सारा घोळ केला तिचं सांगते. कागद यायच्या लय आधी गोपिकेनंच मले कुठून तरी एका फुटक्या औषधाच्या बाटलीचं बूड आणून दिलं होतं. निळी, चांगली जाड काच. म्हणे, काकू, पाहा बरं हे जमते का. मी चंगच बांधला. पंधरा दिवस घासून पैलू पाडले, मिठाईवर लावतात तो चांदीचा वर्ख खालून चिकटवला अन् अंगठीत बसवलं. काय सांगू, ती काच अशी उजळली की मायाच डोळ्यांवर माया भरोसा बसेना. आजवर केलेल्यात तेवढं सुंदर मी दुसरं काही केलं नव्हतं.

एका शुक्रवारी सकाळी रुपराव नत्थूजींचं वर्तमानपत्र परत द्याले आले. मी अन् गोपिका ओसरीवरच बसलो होतो, अंगठी पाटावर पडली होती. त्यायनं ती उचलून उजेडात धरली. फिरवून फिरवून पाह्यली.

"बाई, हा त नीलम हाय," ते म्हणाले.

मी काय म्हणायले पाहिजे होतं? हसून म्हणायले पाहिजे होतं, की अहो, बाटलीचं बूड हाय ते. जिभेवर आलंबी होतं. पण छाती फुगली ना मायी. ज्या माणसानं सारी उमर रत्नांच्या पोथ्या चाळल्या, तो माया हातच्या काचेले नीलम म्हणून राहिला. मी म्हटलं, ताराचंद सराफाकडून आणला. झालं, तिथंच माती खाल्ली मी.

नीलम म्हणजे शनीचा खडा, तो आमच्याकडे कोणी उगाच घालत नाही. आधी तीन दिवस दंडाले बांधून पाहतात. त्या तीन दिवसांत पडझड, दुखणं, भांडण, असं काही झालं त नीलम लाभला नाही म्हणायचं अन् परत करायचा. काहीच झालं नाही त लाभला, मंग मनात जे असन ते खुशाल करायचं. रुपरावांनी अंगठी मुठीत धरली अन् मले विचारलं, तीन दिवसांसाठी देता का. शनिवारी सकाळी बांधतो म्हणाले. लाभला त पोरीले जबलपूरले पाठवायचं, नाही लाभला त कागद फाडून टाकायचा. शनीचा कौल हाय म्हटल्यावर बाबारावलेबी पुढं बोलता येणार नाही.

मी गोपिकेकडे पाह्यलं, तिनं मायाकडे पाह्यलं. माया मनात आलं, काच ती काच, ते कोणाचं काय वाईट करन? तीन दिवस सुखानं जातील अन् पोरीचं काम होईन. मी म्हटलं, न्या.

ते गेल्यावर गोपिका हळूच म्हणाली, की काकू, हे काही बरं नाही झालं, बाबाले सांगून देऊ. मी तिच्यावरच डाफरली. तुयं भलं होऊन राहिलं ना, मंग गप बस वं, म्हटलं. बिचारी बसली गप.

शनिवार गेला. रविवारी सकाळी रुपराव दारावरून गेले ते जरा लंगडत. मी ओसरीवरून विचारलं, पायाले काय झालं. म्हणे, नवा जोडा चावून राहिला. सोमवारी कचेरीतून आले तवा चेहरा पार उतरला होता, अन् तरी मी नमस्कार केला त हसले. मी त मनात गोंदियाची गाडी, तिथून जबलपूरची गाडी, अन् पोरीच्या पेटीत काय काय भरायचं, इथपर्यंत पोचली होती. दोन लुगडी मी माया पेटीतून काढूनबी ठेवली होती.

मंगळवारी सकाळी नत्थूजी दुकानात गेले अन् पाठोपाठ रुपराव आले. त्यायनं अंगठी पाटावर ठेवली, अगदी जपून, अन् म्हणाले, नाही लाभला.

मी विचारलं, काहून, काय झालं. त्यायनं धोतर जरासं वर केलं. घोटा हा एवढा सुजला होता, काळानिळा पडला होता. मंग खाली बसून त्यायनं सारं सांगितलं. शनिवारी अंगठी दंडाले बांधली अन् घटकाभरात न्हाणीत पाय घसरला. पण ते त्यायनं कोणाले कळू दिलं नाही, गोपिकेलेबी नाही. शनिवारी अन् सोमवारी तोच पाय जोड्यात कोंबून कचेरीत गेले अन् साऱ्यायले जोडा चावते म्हणून सांगत राहिले.

"काहून म्हणाल त मले तो लाभायलेच पाहिजे होता, बाई," ते म्हणाले. "पोरीची माय मरताना म्हणाली होती, हिले शिकवा. मी मनाले म्हणून राहिलो, एवढ्याशा पायाचं काय धरायचं. पण आज सकाळी कागदावर होय लिहाले बसलो अन् हात चालेना. शनीशी खोटं बोलून पोरीले धाडू, अन् तिले तिकडे काही झालं त?"

बोलता बोलता त्यायचे डोळे भरून आले. एवढा मोठा बाप्या माणूस मायासमोर रडून राहिला, अन् कायसाठी, त मी घासलेल्या काचेसाठी. मले मायीच किळस आली. मी उठली, अडकित्ता आणला, त्याच्या टोकानं अंगठीचं कोंदण उचकटलं. नखानं वर्ख खरवडून काढला अन् ती काच त्यायच्या तळहातावर ठेवली. उघड्या उन्हात ते बाटलीचं बूड होतं, दुसरं काही नव्हतं.

रुपरावांनी ती उलटीसुलटी करून पाह्यली. ताराचंदाचं नाव मी खोटंच घेतलं, वर्ख मिठाईचा हाय, तीन दिवसांत काही होणार नाही असं धरून मी अंगठी दिली, सारं सारं मी सांगितलं. त्यायनं एकच विचारलं, गोपिकेले माहीत होतं का. मी म्हटलं, होतं, पण ती सांगाले निघाली होती, मीच तिले दटावून गप बसवली. पाप मायं हाय, पोरीले बोलू नका.

"मंग माया पाय काहून मुरगळला?"

"न्हाणीत शेवाळ हाय म्हणून. दोन महिन्यांपासून सांगून राहिली मी तुम्हाले, ती फरशी घासा."

ते हसतील असं मले वाटलं, पण हसले नाहीत. काच त्यायनं पाटावर ठेवली, भिंतीले धरून उठले. उभ्यानंच म्हणाले, म्हणजे आता होय मलेच म्हणा लागते. मी म्हटलं, हो. बाबारावलेबी मलेच लिहा लागते, शनीचं नाव न घेता. मी म्हटलं, हो. घरात मंग मी एकटाच, ते म्हणाले. मी उगाच पदरानं हाताची वाळू पुसत राहिली.

दोन पायऱ्या उतरून ते थांबले.

"सत्यवतीबाई, तुम्ही साऱ्या गल्लीले तोंडावर सांगता. माया न्हाणीतलं शेवाळबी सांगितलं," ते म्हणाले. "मंग एवढ्या दिवसांत एकदाबी असं काहून नाही म्हटलं, की रुपराव, पाठवा पोरीले? मी वाट पाहून राहिलो होतो कोणीतरी म्हणन म्हणून. तुमचं मी आयकलं असतं."

ते लंगडत लंगडत आपल्या दारात गेले. आतून त्यायनं गोपिकेले हाक मारली अन् दौत-टाक मागितला, तो आवाज मले ओसरीपर्यंत आयकू आला.