करपलेली पोळी

माझ्या पोळीला नावं ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचाय, अशी माझी समजूत होती. तो आला, तो थेट नऊ वर्षांची मुलगी होऊन, नेहरू नगरच्या आमच्या घरात. रोशनीची आई वारली, जवळचं कुणी उरलं नाही, म्हणून बालकल्याण समितीनं तिला सांभाळायला आमच्याकडे दिलेली. महिनाभरात पोरगी एकदाही रडली नव्हती. जेवताना नाक मात्र रोज मुरडायची.

"मम्मी जैसी नहीं है, आंटी."

मऊसूत, पदर सुटणारी पोळी! नागपूरच्या माझ्या सासूबाईंनीही तिच्यापुढे हार मानलेली. मी तूप वाढवलं, पीठ बदललं, तरी बाईसाहेबांची मान आडवीच.

शेवटी चिडून विचारलं, "कशी करायची गं तुझी मम्मी?"

"जली हुई. रोटी तवे पर डालके मेरी चोटी बनाती थी."

संध्याकाळी मी तव्यावर पोळी टाकली, रोशनीला पुढ्यात बसवलं आणि तिची वेणी घालायला घेतली. घरभर धूर झाला. नवरा धावत आला, त्याला डोळ्यांनीच परत पाठवलं.

रोशनीनं ती काळीकुट्ट पोळी हातात घेतली, हुंगली आणि हमसून हमसून रडली. मग नाक पुसत म्हणाली, "मम्मी इतनी भी नहीं जलाती थी."

"मग उद्या इथं उभी राहून सांग," मी म्हटलं, "किती जाळायची ते."