उपडं मापटं

“तुझं काय जातंय रं त्यात? मापटं तुझ्या हातात हाय, जोंधळं घरचं हाईत, नाव माझ्या पोराचं हाय. तुझं काय जातंय?”

काकू असं म्हणली तवा आमच्या दारात निम्मी गल्ली गोळा झालती. म्हातारा महांतप्पा हेळवी बैलावर बसला व्हता. हेळवी दारात आला तरी बैलावरनं उतरत न्हाय. आमच्या घराण्याची नावं त्याच्याकडं पोथीत लिवलेली, त्याच्या आधी त्याच्या बापाकडं व्हती. धा-बारा सालातनं एकदा बेंबळीत येतो, दारात बैल उभा करतो आन वरनंच सुरू करतो. मूळ पुरुष कुठनं आला, त्याला ल्योक किती, कोण दत्तक गेला, कोण बिगर लेकराचा मेला. सगळं सांगून झालं की नवी नावं इचारतो. रीत अशी हाय की घरातल्या गड्यानं मोठ्यांदा नाव घ्यायचं आन त्या नावाचं एक मापटं जोंधळं त्याच्या झोळीत टाकायचं. माप पडल्याबिगर तो लिवत न्हाय. पोरींचं माप पडतच न्हाय, ते सोडा.

मागच्या खेपेला तो रझाकारीच्या आधी येऊन गेलता. माझं नाव तवाच पडलं. त्याच्यानंतर तो आत्ता आला.

थोरल्या दादाच्या पोराचं नाव म्या घेतलं, माप टाकलं. मंग काकूनं दाराआडनं सांगितलं, महालिंगाचा महारुद्र. महालिंग म्हणजी माझा चुलता. महारुद्र त्याचं पोरगं, आता सहावीत हाय. आन म्या काय केलं, तर मापटं उंबऱ्यावर उपडं ठेवलं. भरल्या घरात मापटं उपडं ठेवू नये हे शेंबड्या पोराला बी कळतं.

काकू बाहीर आली, वर सांगितलं तसं बोलली. म्या म्हणलो, “काकाचं असंल तर टाकतो. कुणाचं हाय ते आधी ठरवा.”

शेजारची दगडाबाई फिस्सकन हसली. महांतप्पानं माझ्या बापाकडं बघितलं. आमी बापाला अण्णा म्हणतो. अण्णा बैलाच्या शिंगाकडं बघत ऱ्हायले, जसं काय त्यांना बैल इकतच घ्यायचा व्हता. म्हाताऱ्यानं पोथी फडक्यात बांधली आन म्हणला, “घर बोलंना. म्या काय करू बाई?” बैल वळवला. उंबऱ्याच्या खालच्या पायरीवर महारुद्र उभा व्हता. धुतलेला सदरा घालून, केसाला तेल लावून. आपलं नाव पोथीत जाणार म्हणून सकाळधरनं तसाच उभा व्हता.

मला राग कशाचा आलता ते बी सांगतो. सकाळी चावडीत हे पोरगं म्हाताऱ्यांना पेपर वाचून दावत व्हतं. महाराष्ट्र व्हणार, मे म्हैन्यात व्हणार, काय काय. म्या तिकडनं चाललो तर शिवशरण पाटलाचा म्हातारा म्हणला, ये की रं, तू बी वाच दोन वळी. सगळे हसले. म्या शाळा सोडून तीन सालं झाली. मास्तरनं कान पिरगाळला, म्या त्याच्या टेबलावर पाटी आपटली, संपलं. म्हाताऱ्याला काय म्हणायचं? मंग त्या पेपर वाचणाऱ्यावर काढलं.

पर हे एवढंच असतं तर म्या आज असा बसलो नसतो.

गावाला जे ठावं हाय ते असं. महालिंग काका रझाकारीत दिवाळीच्या आधी घरातनं गेला, बार्शीकडं सरहद्दीवर निजामाशी लढणाऱ्यांच्या क्यांपात. उन्हाळ्यात तिकडंच गोळी लागून मेला. त्याचं पोरगं जन्मलं दसऱ्याला, काका गेल्यावर अकरा म्हैन्यांनी. गाव बोटं मोजायला लई हुशार. काकू म्हणायची, मधी एकदा ते येऊन गेले. कुणी बघितलं न्हाय. आन वर आज्ज्याचा जबाब. निजामाचा अमीन, म्हणजी त्यांचा फौजदार, गावात आला आन आज्ज्याला चावडीत धरून इचारलं, पोरगा घरी येतो का? आज्ज्यानं सांगितलं, गेला तवापासनं घरी आला न्हाय, आमचा त्याचा संबंध न्हाय. तसं लिवून अंगठा दिला. न्हाय म्हणला नसता तर घर जाळलं असतं. ते ठीक. पर पुढं निजाम गेला, अमीन गेला, तरी आज्जा काय जबाबावरनं हटला न्हाय. चावडीत पाच माणसांम्होरं बोललेलं फिरवायचं कसं, असं त्याचं. नातवाला घरात जेवायला घातलं, शाळेत घातलं, पर मांडीवर कधी घेतलं न्हाय.

औंदा थंडीत आज्जा वारला. जमिनीवर वारसांची नावं चढवायची म्हणून पटवाऱ्यानं वंशावळ मागितली. अण्णांनी स्वतःचं नाव दिलं आन गप बसले. काकू म्हणली, माझ्या मालकाचा कागद मी काढते. तिच्यासंगं कोण जाणार? घरात रिकामा म्याच. म्हणून आमी दोघं धाराशिवला कचेरीत गेलो.

तिथं रेकार्डाची खोली हाय. लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे आढ्यापातूर. सगळं उर्दूत. तिथला कारकून बरा व्हता, पर तंबाखू मळता मळता त्यानं दुपार केली. आमच्या घराची माणसं एकेक सापडत गेली. पणज्यानं कुणाकडनं रान घेतलं, कुण्या चुलत आज्ज्यानं येरमाळ्याच्या जत्रंत मारामारी केली आन दंड भरला. काकू खुशीत आली. हे माझे सासरे, हे त्यांचे चुलते, असं मला सांगायला लागली, जसं काय म्या परका आन तीच घरची. मंग कारकुनानं काकाचं नाव असलेला कागद काढला. वाचला. तोच आज्ज्याचा जबाब. ‘माझा ल्योक महालिंग घरातनं गेला तवापासनं घरी परत आलेला न्हाय.’ सरकारी शिक्का, आज्ज्याचा अंगठा. काकाविषयी साऱ्या कचेरीत तेवढा एकच कागद.

काकू भिंतीला टेकून खाली बसली. कारकून म्हणला, बाई, याच्या उलट काय असंल तर आणा. कुणी बघितलेला माणूस आणा.

म्या शेजारी उभा. शेंगा खात व्हतो.

तो माणूस म्याच हाय.

म्या पाच सालाचा आसंन. जोंधळा हुरड्यात आलता. घरात कुणी न्हाय म्हणून काकू मला संगं घेऊन रानात गेली, भाकरी घेऊन. दिवसाउजेडी. तिनं मला राखणीच्या माळ्याखाली बसवलं आन जोंधळ्यात शिरली. मला काय बसवतंय? म्या मागं मागं गेलो. मधी ताटं मोडून जागा केलती, तिथं काका बसला व्हता. दाढी वाढलेली, पायात चप्पल न्हाय, टाच फाटून त्यात माती भरलेली. काकू त्याचा पाय मांडीवर घेऊन काट्यानं काय तरी काढत व्हती आन रडत व्हती. मला बघून काका दचकला, मंग हसला. कणीस चोळून हुरडा माझ्या हातावर दिला आन म्हणला, कुणी इचारलं, कुठं गेलतास, तर काय म्हणशील? मला सुचंना. तोच म्हणला, “म्हणायचं, चिमण्या हाकलत व्हतो. म्हण बघू.” माझ्याकडनं तीनदा म्हणून घेतलं. मंग मला परत माळ्याखाली बसवलं. म्या लई येळ चिमण्या हाकलत बसलो. उन्हं कलली तवा काकू एकटी आली.

त्या दिवशी आज्जीनं इचारलं, म्या तसंच सांगितलं. पुढं बी सांगत आलो. आधी काकाला दिलेला शबुद म्हणून. मंग मोठा झालो तवा कळाय लागलं की हे बोललं तर काय व्हतं. अण्णांनी मला शाळा सुटल्यावर म्हणलं व्हतं, इहिरीचं रान तुझं. त्या रानात निम्मा हिस्सा काकाचा हाय. म्या रोज त्या इहिरीवर मोट धरतो आन मनात रान मोजतो. त्यात महारुद्र बसत न्हाय.

कचेरीतनं परत येताना काकूनं स्टँडवर मला भजी घेऊन दिली. स्वतः खाल्ली न्हाय. मोटारीत निम्म्या वाटंवर मला इचारलं, तुला काय आठवतं का रं त्या सालचं? तोंड खिडकीकडं करून इचारलं. म्या फाडदिशी बोललो, “म्या ल्हान व्हतो. चिमण्या हाकलत व्हतो.”

तोंडातनं गेलंच. बारा सालाची सवय. काकूनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मंग तोंड परत खिडकीकडं केलं. मला वाटलं, बाईच्या ध्यानात आलं नसंल.

मंग आठ-पंधरा दिवसांनी हेळवी आला. पटवारी म्हणला व्हता की हेळव्याच्या पोथीत नाव पडलं आन पंचांनी सांगितलं तर म्या वर लिवून पाठवतो, जबाब जुन्या राज्यातला हाय. आन मापटं टाकायचं काम दादाचं असताना काकूनं ते माझ्या हातात आणून दिलं. तू टाक म्हणली. म्या म्हणलं, बरं, टाकतो. पुढचं वर सांगितलंय.

त्यानंतर काकू माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं. म्या बी चिडलो असतो, भांडण मिटलं असतं. पर ती रोजच्यासारखी ताटात भाकरी वाढायची, मोडून द्यायची, दूध घालायची. महारुद्र शाळंत जाईना. मार खाल्ला तरी जाईना. काल सकाळी बघतो तर काकूनं लुगडी गाठोड्यात बांधलेली. तेरला म्हायेराला निघाली, पोराला घेऊन. गाडी जुंपायला अण्णांनी मलाच सांगितलं.

म्या बैल धरून उभा. काकू गाडीत चढली, गाठोडं घेतलं, आन वरनं हळूच बोलली, “तू इसरला असशील असं वाटलं व्हतं इतकी सालं. मोटारीत कळलं, न्हाय इसरला. म्हणून तर मापटं तुझ्या हातात दिलं.”

एवढंच. शिवी न्हाय, शाप न्हाय. महारुद्र तिच्या मांडीला टेकून दुसरीकडं बघत व्हता. दादानं गाडी हाकली. म्या तिथंच उभा. कासरा हातातनं सुटला तरी मूठ तशीच.

सांजच्याला अण्णांना सगळं सांगितलं. जोंधळा, काकाची दाढी, टाच, हुरडा. अण्णा सुतळी वळत व्हते. वळायची थांबली न्हाय. म्हणले, “आता बोललास तर आज्जा खोटा ठरतो. मेल्या माणसाला गावात खोटं पाडणार का?”

म्या म्हणलं, मंग जित्याला पाडलं ते?

अण्णांनी सुतळीला पीळ दिला. आन मला एक गोष्ट दिसली. खरं का रं, असं त्यांनी इचारलंच न्हाय. एकदा बी न्हाय.

आज सकाळी म्या कणगीत हात घातला, मापटं भरलं, वर हात फिरवला न्हाय, शीग तशीच ठेवली. पंच्यात बांधलं. मापटं बी संगं घेतलं. दगडाबाई इचारत व्हती, कुठं रं? म्या सांगितलं न्हाय. पहिल्यांदाच चिमण्या हाकलायला असं आलं न्हाय तोंडात.

आता धाराशिवच्या स्टँडवर बसलोय. मांडीवर हे जोंधळ्याचं गाठोडं, माणसं बघत्यात. हेळवी तेरमधी हाय, इचारून आलोय. तिथली घरं संपली की तो लातूरकडं जातो, मंग कर्नाटकात. पुन्यांदा कवा येणार? म्हाताऱ्याचं दात ऱ्हायले न्हाईत. काकू बी तेरलाच हाय. तिच्या म्हायेराच्या दारात, तिच्या भावांम्होरं मला मोठ्यांदा नाव घ्यावं लागंल. गड्यानं घ्यायचं असतं. म्या गडी हाय का न्हाय ते महांतप्पा ठरवील. त्यानं बैल पुढं हाकला तर काय करायचं ते मला ठावं न्हाय. महारुद्र माझ्याकडं बघंल का, ते बी ठावं न्हाय. आन म्हाताऱ्यानं माप पडू दिलं तरी मापटं उपडं ठेवलेलं महारुद्रनं बघितलंय, ते कुठल्या पोथीतनं खोडायचं?

तेरची गाडी लागली. कंडक्टर वरडतोय. मला आता निघाय पायजे.