आधीचा प्रश्न

सर्वेक्षणासाठी मी दिवसभर लोकांना फोन करते. काल विचारत होते, "शेजाऱ्यांवर विश्वास आहे का?" बहुतेक हो म्हणाले. आज साहेबांनी त्याच्या आधी एक प्रश्न घुसडला, "बातम्यांत बॉम्बस्फोट पाहिलात का?" लगेच निम्मे लोक नाही म्हणायला लागले.

"साहेब, ही शुद्ध लबाडी आहे!"

"आपण फक्त विचारतो, बाई."

संध्याकाळी तोच आकडा टीव्हीवर लाल अक्षरांत झळकला, मागे स्फोटाचा धूर. चार शिव्या हासडून मी टीव्ही बंद केला. तेवढ्यात बेल वाजली. दारात समोरचे काका, हातात काळी पिशवी.

साखळी न काढताच मी विचारलं, "काय आहे त्यात?"

"तुझ्या लेकीचे बूट, आमच्याकडेच विसरली. रोज मीच आणतो ना गं तिला शाळेतून?"