कॅमेऱ्यांची गुणवत्ता यादी

लातूरच्या आमच्या क्लासमध्ये बारावीची एकशे चाळीस मुलं आणि सूक्ष्मदर्शक एक. कांद्याच्या मुळातली पेशी दुभंगताना सगळ्यांनी एकाच तासात पाहावी, म्हणून मी डिजिटल कॅमेरा मागितला होता. डोळा लावतो त्या भिंगाला, नेत्रिकेला, टेकवायचा आणि चित्र टीव्हीवर दाखवायचं.

क्लासचे मालक भुजंग सर लगेच हो म्हणाले. ते गणित शिकवतात. त्यांनी चार कॅमेऱ्यांचा तक्ता केला: मेगापिक्सेल, झूम, पडदा, मेमरी, प्रत्येकाला पंचवीसपैकी गुण. ऑप्टिकल आणि डिजिटल झूमची त्यांनी चक्क बेरीज केली होती. पहिला आला तो ब्याण्णव गुणांचा, पुढे नळकांड्यासारखं भिंग असलेला.

सरांबरोबर चांदपाशाभाईंच्या कॅमेऱ्यांच्या दुकानात जाताना मी सूक्ष्मदर्शक पेटीसकट नेला. भाईंनी तो पाहिला आणि यादीत चौथा आलेला कॅमेरा पुढे सरकवला.

"मॅडमच्या कामाला हा बघा. भिंग बारीक हाय, जवळचं धरतो."

"भाई, सत्तावन्न मार्काच्या पोराला मेडिकलला धाडता का?" सर हसले.

"मी कॅमेरा विकून राहिलो सर, पोरगं न्हाई."

"दोन्ही टेकवून पाहते," मी म्हणाले. "पाच मिनिटं लागतील."

"म्हणजे प्रॅक्टिकल. सिंधु मॅडम, प्रॅक्टिकल आपण धरतच न्हाई. तीसपैकी तीस सगळ्यायलाच मिळतात."

आमच्या मुलांना ते खरोखरच मिळत होते, कांदा न चिरता. मी पेटीची कडी लावली.

सोमवारी ब्याण्णव गुणांचा कॅमेरा नेत्रिकेला लावला. टीव्हीवर काळोख आणि मधोमध हरभऱ्याएवढा उजेड.

"झूम करा," सर म्हणाले.

केलं. हरभऱ्याचा धूसर भोपळा झाला.

"मग पुस्तकातल्या आकृतीचाच फोटो घ्या की. लई क्लिअर येतो."

त्यांनी स्वतःच तो घेतला. खरंच स्पष्ट आला. मुलं वह्या उघडून टीव्हीवरून उतरवायला लागली ती आकृती, जी प्रत्येकाच्या पुढ्यात छापलेली होती. सर समाधानाने बाहेर गेले.

मी टीव्ही बंद केला आणि सूक्ष्मदर्शकापाशी रांग लावली. तासात बावीस जणांनी पेशी पाहिली. तेविसावी पुनम वाकली तेवढ्यात गणिताची घंटा झाली आणि सर आत आले.

"आकृती पाठ हाय ना तुझी?" त्यांनी विचारलं.

"हाव, सर."

"मग काय बघून राहिलीस? बस जागेवर."